उमसुनायच्या घरातली ऊब कोणी चोरली?

१

उमसुनाय एजेंच्या घरात चोरी झाली होती आणि खुद्द एजेंनाच त्याचा पत्ता नव्हता. भिंतीवरचे गालिचे जागेवर होते, लाकडी पेटी जागेवर होती, चहाचं पितळी भांडंही जागेवर होतं. गेली होती ती ऊब.

मी दारिका. घरं बघायची, मोजायची आणि त्यांची किंमत कागदावर मांडायची हा माझा धंदा. काराकोल गावात बावीस वर्षं तेच करतेय. लोक म्हणतात, ही बाई फटकळ आहे. असेन. घराची किंमत गोड बोलून काढता येत नाही.

जानेवारीतला तो मंगळवार. बाहेर उणे अठरा. सकाळी नऊला मी आत शिरले तेव्हा एजे घरात कोट घालून, वर दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या. वय एक्काहत्तर; एवढ्या वयाच्या बाईला आमच्याकडे मानाने एजे म्हणतात. टेलिफोन केंद्रात आयुष्य गेलं, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांची लफडी त्यांना तोंडपाठ.

"ये गं पोरी. बूट काढू नकोस, पाय गोठतील. आधी नान तोड, चहा घे, मग माझं घर मोडीत काढ."

"मोडीत काढायला नाही आले, एजे. मोजायला आलेय."

"एकच ते. आधीचा साहेबही मोजायलाच आला होता. लिहून गेला, हिवाळ्यात राहण्यास अयोग्य."

प्रकरण असं होतं. एजेंचा नवरा मे महिन्यात गेला. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा एर्मेक वाटणी मागत होता. न्यायालयाने सांगितलं की घर हिवाळ्यात राहण्यालायक असेल तर एजे मरेपर्यंत तिथंच राहतील, एर्मेकला मागच्या बागेची जमीन मिळेल. लायक नसेल तर सगळंच विकायचं आणि एजेंनी राजधानीत, बिश्केकला, मुलीच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात जायचं. पहिल्या अहवालावर एजेंनी हरकत घेतली म्हणून दुसरं मूल्यमापन माझ्याकडे आलं. माझा शब्द शेवटचा होता.

मी तापमापक टेबलावर ठेवला. अकरा अंश. लायक म्हणायला अठरा तरी लागतात.

"भट्टी कधी पेटवलीत?"

"पाचला. तेव्हापासून कोळसा घालतेय. आवाज ऐक की."

भट्टी चांगली धडधडत होती. स्वयंपाकघरात तिचं तोंड, आणि तिथून निघालेली तीन मीटर रुंद विटांची भिंत थेट मोठ्या खोलीत. धूर त्या भिंतीच्या पोटातून फिरतो, भिंत तापते आणि भिंत घर तापवते. शंभर वर्षं या गावातली लाकडी घरं अशीच हिवाळे काढत आली. मी सवयीने भिंतीला पाठ टेकवली आणि चटकन बाजूला झाले. भिंत गारढोण होती!

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी मी इथं बिनबाह्यांच्या झग्यात फिरत होते. आणि कोळसा याच्या निम्मा लागायचा. आता काय, घर म्हातारं झालं. माझ्यासारखंच."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. मोहल्ल्याचे अक्साकाल तर आठवड्याला एकदा फाटकातून विचारतात, जमतंय का एजे, मुलीकडे का जात नाही." मग एजेंचं लक्ष माझ्या पाठीकडे गेलं. "अगंबाई! थांब, कोट झटकते. यंदा चुनाच भिकार निघाला बघ. सेहेचाळीस वर्षं मी चुन्यात मीठ घालून भिंत रंगवतेय, कधी कुणाच्या कपड्याला बोट लागलं नाही."

मला राहवेना. घर काय एका उन्हाळ्यात म्हातारं होतं? मी अंगणात आले आणि वर पाहिलं. छपरावर गुडघाभर बर्फ. फक्त धुराड्याभोवती पत्रा उघडा पडला होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं. उणे अठरात!

शिडी लावून माळ्यावर चढले. धुराड्याच्या विटांना हात लावला आणि ओरडून मागे घेतला.

ऊब तयार होत होती, आणि भरपूर होत होती. पण घरात न येता ती सरळ आभाळात चालली होती. आणि अशी वाट आपोआप पडत नसते.

२

साडेदहाला बाकीची मंडळी यायची होती. त्याआधी मी तापमापक घेऊन अख्खं घर वीत वीत तपासलं. तासभर गेला. सगळीकडे अकरा, बारा. एकाच जागी काटा उसळला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, झाडू आणि बादल्यांवर टाकलेल्या पडद्यामागे, भिंतीचा हातभर पट्टा चांगला कढत होता. एजेंना बोलावून दाखवला तर त्या म्हणाल्या, "हे मला कुठं ठाऊक! तिथं मी झाडू ठेवते, हात शेकत नाही." मी पडदा पुन्हा ओढला आणि गप्प बसले. एजेंनाही गप्प बसायला सांगितलं.

पहिला आला एर्मेक. पन्नाशीचा, मालट्रक चालवणारा, कायम कावलेला. टोपी काढायच्या आधी तो भिंतीकडे गेला, पाठ टेकवली आणि शिवी हासडली.

"हे काय! ही भिंत आहे की बर्फाची लादी?"

"का? तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"वकिलाच्या कागदात वाचलं होतं घर गार आहे. ही भिंत गार? या भिंतीला टेकून मी लहानपणी झोपायचो."

"आणि तरी वाटणी मागतोस," एजे म्हणाल्या.

"वाटणी माझ्या बापाची मागतोय एजे, तुमची नाही."

दुसरा साग्यन. बिश्केकहून आलेला, पर्यटकांसाठी मुक्कामाचं हॉटेल बांधणारा. शेजारचं घर त्याने आधीच पाडलं होतं, आता डोळा या घरावर होता. अंगात उंटाच्या रंगाचा महागडा कोट. तोही हात चोळत थेट भिंतीकडे गेला आणि टेकला.

"अरे बापरे! बाई, असल्या घरात लोक राहतात?"

"तुम्ही घ्यायला निघालात ना?"

"मी पाडायला घेतोय. माझ्यासाठी गार काय आणि गरम काय."

एजेंनी कुंचा घेऊन दोघांच्याही पाठी झटकल्या. एर्मेकच्या काळ्या जाकिटावरचा चुना निघता निघेना, आणि साग्यनचा कोट बघून तर एजेंना हसूच फुटलं.

तिसरे कालमुर्झा. मोहल्ल्याचे प्रमुख, अडुसष्ट वर्षांचे. पांढरी दाढी, शांत आवाज, सगळे त्यांना मानाने अक्साकाल म्हणतात. अहवालावर साक्षीदार म्हणून सही त्यांचीच लागते. ते मागच्या बोळात राहतात. त्या बोळातून धड बैलगाडीही जात नाही. आत आले, तळवे वर करून दुवा मागितली.

"मरहूमाच्या चाळिसाव्या दिवसानंतर आज पहिल्यांदा या घरात पाऊल टाकतोय. कोर्टाचं प्रकरण, मी कुणा एकाची बाजू घेतोय असं दिसायला नको."

"तुमचं बरोबर आहे, अक्साकाल," मी म्हटलं. "बसा."

ते मोठ्या खोलीत थांबले नाहीत. स्वयंपाकघरात गेले, बुटकं स्टूल कोपऱ्यात ओढलं आणि चहा मागितला. मी वहीत मान घालून बसले होते. मान वर केली तेव्हा त्यांचा उजवा हात पडद्यामागे होता.

माझ्या हातातलं पेन थांबलं. पण एवढ्यावर कुणाला चोर ठरवता येत नाही. भिंतीच्या पोटात नेमकं काय झालंय हे सांगणारा गावात एकच माणूस होता, आणि एर्मेकच्या मते चोर तोच होता.

३

"लुक्यान!" एर्मेक म्हणाला. "भट्टीला शेवटचा हात त्याचाच लागलाय. ऑगस्टमध्ये काजळी काढायला तोच आला होता. मुद्दाम बिघडवली असेल, पुन्हा दुरुस्तीचं काम मिळावं म्हणून."

"मग काम मिळवायला थांबायचा ना! नोव्हेंबरपासून मुलाकडे गेला होता, परवा आलाय," एजे म्हणाल्या. "तो असता तर मी बाकीच्या गाढवांना भट्टी दाखवली असती होय?"

मी एर्मेकलाच पाठवलं त्याला आणायला. लुक्यान म्हणजे गावातला शेवटचा जुना रशियन भट्टीवाला; सगळे त्याला द्याद्या, म्हणजे काका, म्हणतात. ही भट्टी त्याच्या बापाने बांधलेली. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

"कोण म्हणालं मी बिघडवली?" दारातूनच त्याचा आवाज चढला. "कोणत्या नालायकाने म्हटलं?"

"मी म्हटलं," एर्मेक म्हणाला.

"तू? तू तर या भट्टीत बटाटे भाजताना चड्डी जाळून घेतली होतीस!"

"द्याद्या लुक्यान," मी म्हटलं, "भांडण नंतर. आधी भिंत बघा."

तो आला तोही पाठ टेकवूनच उभा राहिला, क्षणभर. मग त्याचा चेहरा उतरला. वळून त्याने बोटाच्या पेरांनी वीट वीट ठोकायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या टोकाला, खांद्याच्या उंचीवर, तो थांबला. खिशातल्या चाकूने चुना खरवडला. खाली राखाडी रेघ दिसली.

"सिमेंट," तो पुटपुटला. "माझ्या बापाच्या भट्टीला सिमेंट! अहो, भट्टीला माती लागते, माती. सिमेंट आचेने तडकतं हे शेंबड्या पोराला कळतं."

म्हणजे लुक्यान नाही. सिमेंट म्हटल्यावर सगळ्यांच्या माना साग्यनकडे वळल्या. त्याच्या बांधकामावर पोत्यांच्या थप्प्या होत्या.

"माझ्याकडे काय बघता?" साग्यन लाल झाला. "माझ्या पोत्यांवर पहारा थोडाच आहे? अर्धा मोहल्ला बादली भरून नेतो!"

लुक्यानने भट्टीतला विस्तव बाहेर ओढला, तासभर भट्टी निवू दिली आणि मग छिन्नी लावली. सिमेंट तडकलेलंच होतं, चार घावांत दोन विटा बाहेर आल्या. काजळी भसकन खोलीत आली. त्याने बाही सारून हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"धूर भिंतीत शिरला की पाच वेळा वर-खाली करतो आणि मग धुराड्याला लागतो," तो सांगू लागला. "पहिली वाट आणि शेवटची वाट शेजारीशेजारी. मध्ये एक विटेची पडदी, बस. ती पडदी..."

तो बोलायचा थांबला. हात बाहेर काढला. मुठीत विटेचा तुकडा होता.

"पडदी नाहीये. कोणीतरी फोडलीय. हात घालून, आतून."

एजेंनी तो तुकडा हातात घेतला. "माझ्या घरात शिरून? कधी?"

"तुम्ही घर कधी सोडलं होतं?"

"सप्टेंबरात. नारिनला, पणतूला पाळण्यात घालायचं होतं. बारा दिवस." त्यांनी कपाळाला हात लावला. "परत आले तेव्हा घरात ओल्या चुन्याचा वास होता गं! मला वाटलं, बंद घराला येतो तसला."

"आणि चावी?"

"खिडकीच्या फळीमागे, खिळ्याला. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

म्हणजे आत कुणीही शिरू शकत होतं. मी वही मिटली.

"सगळ्यांनी जरा उभं राहायचं. आणि माझ्याकडे पाठ करायची."

४

"हा काय पोरखेळ आहे?" साग्यन म्हणाला. पण वळला. एर्मेक वळला, लुक्यान वळला. कालमुर्झाही सावकाश स्टुलावरून उठले.

तीन पाठी पांढऱ्या होत्या. झटकूनही चुना राहिलाच होता. कालमुर्झांचा निळा लोकरी कोट मात्र स्वच्छ, जसा घरून घालून निघाले होते तसा.

"ज्याने पडदी फोडली," मी म्हटलं, "त्याने विटा परत बसवल्या आणि ठिगळ दिसू नये म्हणून भिंतीची अख्खी बाजू रंगवली. पण घाईत होता आणि कामही सवयीचं नव्हतं. चुन्यात मीठ घालायचं राहिलं. म्हणून यंदा भिंत कपड्यांना लागते. चुना भिकार नव्हता, एजे. तो तुमचा चुनाच नव्हता."

"असं होय!" एजे म्हणाल्या.

"आता बघा. उणे अठरातून माणूस आत आला की काय करतो? आईच्या मांडीवर असल्यापासून शिकलेली एकच गोष्ट करतो, भट्टीच्या भिंतीला पाठ लावतो. मी लावली. एर्मेकने लावली, आणि शिवी दिली. साग्यनने इतका महाग कोट घालून लावली. द्याद्यांनी रागातसुद्धा लावली. भिंत गार असेल हे यातल्या कुणाच्याच पाठीला माहीत नव्हतं. फक्त एक पाठ टेकली नाही."

कालमुर्झा हसले, शांतपणे.

"पोरी, भिंत गार आहे हे मला एजेंनीच फाटकाशी सांगितलंय. कशाला टेकू?"

"मान्य. पण तुम्ही कुठं बसलात? अख्ख्या घरात भिंतीचा एकच हातभर पट्टा कढत होता, झाडूंच्या पडद्यामागे. मला तो सापडायला यंत्र घेऊन तास लागला. ज्या एजे इथं सेहेचाळीस वर्षं राहतात त्यांना तो माहीत नव्हता. चाळिसावा जूनमध्ये झाला, बरोबर ना? त्या जूननंतर तुम्ही आज पहिल्यांदा आत आलात. आलात, स्टूल ओढलंत आणि पडद्यामागे हात घातलात. कसं कळलं तुम्हाला, अक्साकाल?"

"सहज. हात गारठले होते."

"हात गारठलेला माणूस भट्टीच्या तोंडाशी जातो. ते तुमच्यापासून दोन पावलांवर होतं. ऊब कुठून निसटते हे ज्याने तिला वाट काढून दिली त्यालाच माहीत असतं."

कालमुर्झांचं हसू गेलं. पण माणूस पक्का. "यावरून तू मला चोर म्हणतेस? अडुसष्ट वर्षांच्या माणसाला? मला या घराचं काय करायचंय? ते साग्यन घेणार, वाटणी एर्मेक घेणार. मला काय मिळणार?"

खरं सांगते, इथं माझी गाडी अडली होती. आणि तेवढ्यात ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो बोलला.

"काय मिळणार?" साग्यन कोटाची बाही झटकत पुढे आला. "अक्साकाल, बोळातली तुमची जागा मीच घेणार आहे ना? तिला रस्ता नाही, म्हणून मी नाही म्हणत होतो. तुम्हीच ऑगस्टमध्ये माझ्याकडे आलात आणि म्हणालात, वसंतापर्यंत म्हातारी जाईल, मग तिच्या अंगणातून तुझ्या गाड्या थेट माझ्या जागेत येतील. मी विचारलं, एवढी खात्री कशी? तुम्ही म्हणालात, हिवाळा येऊ दे." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "मी घरं पाडतो. म्हाताऱ्या माणसांना थंडीने मारत नाही. हे माझ्या माथी नको."

कालमुर्झांनी स्टूल चाचपलं आणि बसले.

"मारायचं नव्हतं," ते म्हणाले. "ती मुलीकडे जाईल, तिथं नळाने ऊब येते, सुखात राहील, असं वाटलं. लुक्यान लग्नाकार्यात प्यायला की भट्टीचं पोट समजावून सांगतो. त्यावरून अंदाज आला. दोन दुपारी लागल्या."

"माझ्यावर ढकलतोय!" लुक्यान ओरडला.

एजे उठल्या. दोन्ही शाली सावरत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कालमुर्झा, दर आठवड्याला फाटकातून विचारायचास, जमतंय का एजे. मी आत येऊन तुझ्यासाठी दुवा मागायचे, म्हणायचे एवढा एक माणूस तरी विचारतो. तीन महिने मला वाटत होतं, घर नाही, माझंच रक्त थंड पडलंय. मला वाटलं, मी मरायला लागलेय. मेल्या, हे तुला कधी माफ करणार नाही मी."



५

"आज मी काहीही लिहिणार नाही," मी जाहीर केलं. "मूल्यमापन घराचं असतं, घरफोडीचं नाही. उद्या दुपारी परत मोजणार. द्याद्या, जमेल?"

"जमेल?" लुक्यानने बाह्या वर केल्या. "माती आणा. वाळू आणा. आणि तू, चड्डीजाळ्या, विटा दे."

एर्मेकने विटा दिल्या. माती तुडवली, बर्फ वितळवून पाणी आणलं, लुक्यानच्या शिव्या खाल्ल्या. एजेंनी दोघांना चहा दिला तेव्हा त्याने वर न बघता सांगितलं, "मला बागच हवी होती. बाबांची जर्दाळूची झाडं. वकील म्हणाला, सगळं माग म्हणजे थोडं मिळेल."

"तोंडाने मागितली असतीस तर मागच्याच वर्षी दिली असती," एजे म्हणाल्या. "खा आता. वाळलास किती."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाटकात पोचले तेव्हा छपराकडे पाहिलं. धुराड्याभोवतीचा पत्रा रात्री पडलेल्या बर्फाने पुन्हा झाकला होता. आत गेले. एजेंच्या अंगावर कोट नव्हता. तापमापक ठेवला आणि काटा चढताना बघत उभी राहिले. पंधरा. अठरा. वीस. बावीसवर थांबला, आणि भट्टीत कोळसा कालच्या निम्मा होता. बावीस वर्षांत कधी कामाच्या वेळेत नाचले नाही, तेव्हा नाचावंसं वाटलं.

वहीत लिहिलं, जुनं, मजबूत, हिवाळ्यात राहण्यास पूर्ण योग्य. खाली साक्षीदाराची सही. ती कायद्याने मोहल्ल्याच्या प्रमुखाचीच लागत होती, आणि नवा प्रमुख निवडायला अजून आठवडा होता. कालमुर्झांना बोलवावं लागलं. ते आले, दारातच उभे राहिले.

"मी इथंच सही करतो."

"छे, छे," एजे म्हणाल्या. "कागदावर लिहिलंय घर तपासून सही केली. आत ये. तपास."

त्यांना आत यावं लागलं, कोटासकट. मी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. कोळशाचा हिशेब, भिंतींची जाडी, खिडक्यांचे कोपरे, काही सोडलं नाही. पडदी कोणी फोडली तेही त्यात होतं. पानं उलटता उलटता अक्साकालांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला आणि दाढीत शिरला. त्यांनी सही केली. पेन हातातून निसटत होतं.

एजेंनी कागद उचलला, शाईवर फुंकर मारली आणि सरळ रस्त्याकडच्या खिडकीशी गेल्या. फटींत कोंबलेला कापूस ओढून काढला, कडी सरकवली आणि जानेवारीच्या मध्यावर खिडकी सताड उघडली. पांढरी वाफ गल्लीत गेली. समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायका बादल्या ठेवून बघायला लागल्या.

"एजे! वेड लागलं का?" त्यांतली एक ओरडली. "थंडी आत येईल!"

"येऊ दे गं थोडी," उमसुनाय एजे खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून म्हणाल्या. "मला उकडतंय!"